हाडाची मुळे

पाय मोडलेल्या माणसाला बघायला येणारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'सळी घातली की प्लेट?' आणि दुसरा, 'कुठल्या कंपनीची? इम्पोर्टेड आहे ना?' उत्तर मनासारखे मिळाले की चहा घेतात आणि 'लोखंडच घातलंय म्हटल्यावर आता काय काळजी?' असे म्हणून उठतात. मोडलेले हाड धातू जोडतो, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. मी पस्तीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काढली. पोलाद माझ्या हाताला ओळखीचे आहे, त्याचा वास ओळखीचा आहे, त्याच्यावर माझे घर चालले. तेव्हा धातूची थोरवी कुणी सांगितली तर मला ती गोडच लागणार. परंतु माझ्याच घरातील दोन माणसांच्या हाडांनी या थोरवीची हद्द कोठे संपते ते मला दाखवले. त्या हद्दीपलीकडे जे काम चालते ते रक्त करते. त्याविषयी थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आमचे मूळ घर निपाणीचे. धाकटा भाऊ तेथेच राहिला. तंबाखूच्या वखारीत तो हिशेब लिहीत असे. १९९६ च्या जुलै महिन्यात, पावसात, तवंदी घाटाच्या पायथ्याशी एका ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. उजवी नडगी घोट्याच्या वर वीतभर अंतरावर मोडली आणि हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले. त्याच रात्री एका रुग्णालयात जखम धुऊन काढली, आणि आठवड्याभराने प्लेट बसवली. आठ भोकांची पोलादी प्लेट आणि सात स्क्रू. मोडलेल्या जागेवरचे एक भोक मोकळे ठेवले होते. एक्स-रे बघितला तेव्हा माझ्यातल्या कारागिराला बरे वाटले. हाड ओळंब्यात होते, स्क्रू एका रेषेत होते. काम त्या काळच्या रीतीला धरून आणि सुबक झाले होते.

चार महिने गेले, सहा गेले. एक्स-रेत मोडल्याची काळी रेघ होती तशीच होती. धाकटा कुबडी घेऊन वखारीत जाऊ लागला होता. पुढच्या मार्चमध्ये एका रात्री जेवण करून पाटावरून उठताना त्याच्या पायात 'कट्' असा आवाज झाला. पडला नाही, घसरला नाही. प्लेट मधोमध तुटली होती, त्या मोकळ्या भोकापाशी.

ते तुकडे पुढे माझ्या हातात आले. भिंग घेऊन मी तुटलेला भाग पाहिला. ओहोटी लागल्यावर वाळूवर जशा वळणदार रेघा उरतात तशा रेघा त्यावर होत्या. क्रँकशाफ्ट तुटून येतात तेव्हा अशा रेघा मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या. एका दणक्याने तुटलेला धातू असा दिसत नाही. हा धातू थकून तुटला होता. बारीक तार बोटांनी इकडे-तिकडे वाकवत राहिले की ती काही वेळाने मोडते, तसेच. दर पावलागणिक प्लेट केसभर वाकत होती, भोकाच्या कडेला एक चीर पडली होती आणि ती रोज थोडी पुढे सरकत होती. आठ महिने ती सरकत राहिली.

धातू आणि हाड यांच्यातला फरक मला येथे प्रथम उमगला. धातूला पडलेली चीर धातू स्वतः कधीच बुजवत नाही. हाड मात्र आपले थकलेले कण पोखरून काढते आणि नवे भरते, जन्मभर. म्हणून मोडलेल्या हाडावर बसवलेली प्रत्येक प्लेट एका शर्यतीत उतरलेली असते. तिला हाड सांधेपर्यंत टिकायचे असते. हाड वेळेवर सांधले तर तिच्यावरचा भार उतरतो आणि ती सुखाने पडून राहते. हाड सांधलेच नाही, तर जगातल्या कोणत्याही कंपनीची प्लेट एक दिवस तुटणार. मग प्रश्न उरतो तो असा, की हाड का सांधले नाही?

त्याचे उत्तर आम्हाला मिरजेला मिळाले. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मिशनचे रुग्णालय काढले तेव्हापासून मिरज हे आपल्या सगळ्या मुलखाचे दवाखान्यांचे गाव. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला कठीण दुखणे आले की पावले तिकडे वळतात. तेथल्या एका दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, म्हैसूरकडचे. मराठी समजायचे, पण बोलताना अडखळायचे. एक्स-रे दिव्यावर लावून ते आपल्या सहकाऱ्याला म्हणाले, 'मूळे सत्तिदे.' आई माझ्या शेजारी उभी होती. तिचे कन्नड बाजारापुरते, परंतु 'सत्तिदे' म्हणजे 'मेले आहे' हे तिला कळत होते. तिने माझा दंड धरला. 'कुणाची मुळं मेली रं?'

आपल्या भागात कानावर येते ते एलुबु. मूळे हा हाडाचाच दुसरा कन्नड शब्द, तो तिच्या कानावरून कधी गेला नव्हता. डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, 'अज्जी, तुम्ही बरोबर सांगितलं. हाडाला मुळं असतात. तीच मेली.' मग त्यांनी आम्हाला बसवून घेतले आणि अर्धा तास कागदावर चित्रे काढून दाखवली.

त्यांनी सांगितले ते असे. लांब हाडाच्या मधल्या भागात एक लहान भोक असते. नडगीच्या बाबतीत ते वरच्या अंगाला, मागच्या बाजूला असते. त्यातून एक रोहिणी आत मगजात शिरते आणि वर-खाली फांद्या टाकते. हाडाच्या भिंतीचा आतला साधारण दोन-तृतीयांश भाग तिच्यावर पोसला जातो. बाहेरचा एक-तृतीयांश पोसते ती हाडावरची चिवट, पातळ साल, आणि त्या सालीला रक्त येते सभोवतालच्या स्नायूंतून. या भिंतीत अगदी बारीक नळ्या असतात. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. त्या नळ्यांतून केशवाहिन्या जातात. हाडातली जिवंत पेशी अशा केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून फारशी लांब नसते. लांब पडली तर जगत नाही. आपण ज्याला दगडासारखे समजतो ते हाड म्हणजे पाटाच्या पाण्यावर भिजलेला मळा आहे.

नडगीच्या खालच्या भागात मात्र हा मळा आधीच कोरडवाहू असतो. हात लावून पाहा, पुढच्या अंगाला कातडी आणि हाड यांमध्ये मांस जवळजवळ नाहीच. धाकट्याच्या अपघातात आतली रोहिणी तुटली, बाहेरची साल फाटली. जी काही साल शिल्लक होती तिच्यावर प्लेट घट्ट आवळली गेली. दोन्ही बाजूंचे पाणी तुटले. हाडाचा साडेचार सेंटिमीटरचा तुकडा जागच्या जागी, सरळ रेषेत, स्क्रूंनी उत्तम पकडलेला, मेला होता.

यात कोणाला बोल लावावा असे मला तेव्हाही वाटले नाही. पुढे मिळेल तसे वाचत गेलो तेव्हा कळले, की हाड आणि धातू यांचा सगळा इतिहासच असा आहे. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे एक कोडे सोडवले आणि पुढचे समोर आले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गाइज रुग्णालयात आर्बथनॉट लेन पोलादी प्लेटा बसवत होते. जंतू शिरू नयेत म्हणून जखमेला हाताचा स्पर्शही होऊ न देण्याची त्यांची शिस्त होती. पण त्यांचे पोलाद शरीरात गंजे. १९३७ मध्ये टेक्सासमधील व्हेनेबल आणि स्टक या शल्यवैद्यांनी दाखवून दिले, की वेगवेगळे धातू शरीराच्या खारट ओलाव्यात एकमेकांजवळ आले की विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, धातू झिजतो आणि शेजारचे हाड खाल्ले जाते. तांब्याची पट्टी लोखंडी बोल्टने आवळली की काय होते, हे पावसाळ्यात काम करणाऱ्या कोणत्याही फिटरला माहीत असते. तेथून कोबाल्ट-क्रोमची मिश्रधातू आली, पुढे ३१६ एल जातीचे स्टेनलेस पोलाद आले, टायटॅनियम आले. गंजाचा प्रश्न बहुतांशी मिटला.

मग १९५८ साली स्वित्झर्लंडमधील बील गावी तेरा शल्यवैद्य एकत्र आले. मॉरिस म्युलर, मार्टिन आल्गोव्हर, हान्स विलेनेगर ही त्यांतली मोठी नावे. त्या काळी पाय मोडला की महिनोन्महिने प्लास्टर, आणि प्लास्टर काढेपर्यंत सांधे आखडून जात. या मंडळींनी ठरवले, की हाडाची टोके एकमेकांवर घट्ट दाबून प्लेटने अशी पक्की करायची की दुसऱ्या दिवसापासून सांधा हलवता आला पाहिजे. हे मोठेच काम झाले. लाखो माणसे त्यामुळे लंगडी व्हायची वाचली. या पद्धतीत एकेक स्क्रू प्लेटला हाडावर दोन-तीनशे किलो वजनाइतक्या जोराने दाबतो, आणि त्या घर्षणावरच सगळी पकड असते.

परंतु काही वर्षांनी असे दिसू लागले की प्लेटखालचे हाड विरळ होते. त्याचे पहिले स्पष्टीकरण होते ते ज्युलियस वोल्फ यांच्या नियमाचे. १८९२ साली बर्लिनच्या या वैद्याने मांडले होते, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार आपला घाट बदलते. भार प्लेटने उचलला, म्हणून हाड आळसावले. यात तथ्य आहेच. पण दावोसच्या संशोधनशाळेत श्टेफान पेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा पहिल्या काही महिन्यांतला विरळपणा नेमका तेथेच आढळला, जेथे प्लेटच्या दाबाने सालीचे रक्त बंद पडून हाड मेले होते. मेलेला भाग पोखरून नवा बसवण्यासाठी शेजारचे जिवंत हाड तेथे बोगदे खणत होते. तो विरळपणा म्हणजे चालू असलेली दुरुस्ती होती.

मग प्लेटचा खालचा भाग खाचा पाडून असा बनवण्यात आला की ती हाडाला कमीत कमी जागी टेकेल. ही प्लेट १९९० च्या सुमाराची. पुढे नव्या शतकाच्या आरंभी तर स्क्रूच्या डोक्यालाच आटे पाडले आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत बसवले. आता प्लेट हाडावर आवळण्याची गरजच उरली नाही. ती हाडापासून किंचित अंतर राखून उभी राहते. ती प्लेट प्रथम पाहिली तेव्हा मी ते आटे नखाने मोजले. गेज लावावे असे काम होते, आणि सगळा खटाटोप कशासाठी, तर कागदाएवढ्या पातळ सालीतले रक्त वाहते राहावे म्हणून.

सळीचेही असेच. जर्मनीतील कील येथे गेरहार्ड क्युन्चर यांनी १९३९ च्या अखेरीस मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा ठोकला. आत सळी घालायची तर पोकळी खरवडून मोठी करावी लागते आणि मगजातली रोहिणी त्यात जाते. तरीही हाड सांधते, कारण बाहेरची साल आणि स्नायू शाबूत असतात. एरवी रक्त हाडात आतून बाहेर जाते, ते काही काळ बाहेरून आत येऊ लागते. एक विहीर बुजली तर दुसरीवर मळा तगतो. दोन्ही बुजवल्या तर मात्र काही उपाय नाही.

धाकट्याच्या दोन्ही बुजल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. गुडघ्याखाली पाय काढायचा, म्हणजे कृत्रिम पाय लावून चार-सहा महिन्यांत माणूस कामाला लागेल. किंवा मेलेला तुकडा कापून टाकायचा आणि तेवढे हाड नव्याने उगवायचे. त्याला वर्ष लागेल आणि खात्री देता येणार नाही. धाकट्याला दोन लहान मुली होत्या आणि रजा संपली होती. आमचे काका म्हणाले, 'पाय काढा, संसार वाचवा.' त्यात काही चूक नव्हते. धाकटा दिवसभर गप्प होता. संध्याकाळी म्हणाला, 'अण्णा, उगवतंय का बघू या की.'

ही उगवण्याची विद्या सायबेरियातील कुर्गान गावची. गावरिल इलिझारोव्ह हे तेथले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक पुढची अनेक वर्षे न सांधलेली हाडे घेऊन त्यांच्याकडे येत. १९५० च्या आसपास त्यांनी पायाभोवती धातूची कडी, त्यांतून हाडाच्या आरपार ताणलेल्या तारा आणि कड्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या दांड्या अशी रचना केली. कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकाचा जुना मोडलेला पाय त्यांनी १९८० मध्ये बरा केला तेव्हा पश्चिमेला त्यांची नीट ओळख झाली. यात मोडलेल्या जागी धातू ठेवतच नाहीत. तो राहतो बाहेर.

एप्रिल १९९७ मध्ये शस्त्रक्रिया झाली. मेलेले हाड कापताना थांबायचे कोठे? डॉक्टरांनी सांगितले, की कापलेल्या तोंडावर रक्ताचे बारीक ठिपके फुटू लागेपर्यंत कापत जायचे. इंग्रजी पुस्तकांत त्याला पाप्रिकाचे चिन्ह म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढऱ्या हाडावर ब्याडगी मिरचीची पूड भुरभुरल्यासारखे दिसले की समजायचे, येथून पुढे जिवंत आहे. मग गुडघ्याखाली, जेथे रक्त भरपूर असते तेथे, नडगी नव्याने कापली. तीही अशी हलक्या हाताने की साल आणि मगज दुखावू नये. आठवडाभर काहीच करायचे नाही. तेवढ्या वेळात कापलेल्या जागी मऊ सांधा धरू लागतो. मग मधला जिवंत तुकडा दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने खाली सरकवायचा. खालची पोकळी मिटत जाते आणि वर मागे राहिलेल्या जागेत नवे हाड तयार होते.

धाकट्याला मी बेळगावला माझ्या घरी आणले. दांड्यांच्या आट्यांचा पिच एक मिलिमीटर होता. दर सहा तासांनी नटाला पाव फेरा, दिवसाला एक पूर्ण फेरा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि मध्यरात्र. दुपारी मी कारखान्यात असे, तेव्हा पाना आमची ही फिरवत असे. 'वहिनी, सावकाश हां,' असे तो रोज म्हणे आणि ती रोज सावकाशच फिरवी. मी आयुष्यभर नट आवळले, पण पाव फेऱ्याला इतका जपून हात कधी लावला नव्हता.

मी डॉक्टरांना विचारले होते, की एकच मिलिमीटर का? दोन का नाही, लवकर सुटेल. ते म्हणाले, इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर हे पडताळून पाहिले होते. अर्ध्या मिलिमीटरने सरकवले तर हाड वेळेआधीच घट्ट होऊन पुढे सरकेना. दोन मिलिमीटरने ताणले तर नव्या रक्तवाहिन्यांची वाढ मागे पडे आणि तेथे हाड नीट धरेना. म्हणजे आमच्या घरातल्या पान्याचा वेग ठरवला होता तो केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांनी.

आणखी एक अट होती. विडी पूर्ण बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नव्या पेशींचे काम मंदावते, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडे उशिरा सांधतात किंवा सांधतच नाहीत. निपाणीच्या माणसाला हे सांगणे सोपे नव्हे. तंबाखूवर आमची बाजारपेठ उभी राहिली, घरे झाली, मुलांची शिक्षणे झाली. धाकट्याच्या कपड्यांना वखारीचा वास कायमचा होता. एका मध्यरात्री नट फिरवून झाल्यावर तो म्हणाला, 'अण्णा, एकच दे. झोप तरी लागंल.' मी पाना पुसून डब्यात ठेवला आणि त्याच्या उशाशी बसून राहिलो. आम्ही दोघे लहानपणच्या गोष्टी बोलत राहिलो. पहाटे त्याला डोळा लागला, तेव्हा सहाच्या फेऱ्याची वेळ होत आली होती.

पाचव्या आठवड्यातल्या एक्स-रेत वरच्या पोकळीत उभ्या, फिकट रेघा दिसल्या. पिंजलेल्या कापसाचे तंतू ताणून धरावेत तशा. डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितले, 'हे तुमचं नवं हाड.' खालची टोके भिडली तेथे कमरेच्या हाडाचा थोडा चुरा घालावा लागला. तारांच्या भोकांतून दोनदा पू झाला. कडी उतरली ती दहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये. धाकटा पुन्हा वखारीत गेला, हिशेबाच्या वह्या त्याने पुढे वीस वर्षे लिहिल्या, दोन्ही मुलींची लग्ने केली. विडीला परत हात लावला नाही.

धातू आणि हाड यांचे सख्य होतच नाही असे मात्र कोणी समजू नये. पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे स्वीडनचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात मगजातले रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक छोटी दुर्बीणवजा कुपी हाडात बसवली. काम संपल्यावर महागडी कुपी काढून घ्यावी म्हटले, तर ती निघेना. हाड टायटॅनियमला चिकटून वाढले होते. त्यातून पुढे दात बसवण्याचे शास्त्र निघाले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसले. रक्ताचा अभ्यास करणाऱ्याला हा शोध लागावा, हे मला फार बोलके वाटते. पण या सख्यालाही अट आहे. भोक पाडताना हाड तापता कामा नये. ४७ अंश सेल्सिअस उष्णता एक मिनिटभर लागली तरी हाडाला इजा होते, असे ब्रोनेमार्क यांच्याच परंपरेतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले. आम्ही ड्रिलवर कूलंट सोडतो ते ड्रिल वाचावे म्हणून. शल्यवैद्य सलाइनची धार धरतात ती हाड वाचावे म्हणून.

२००४ मध्ये आई न्हाणीघरात घसरली. वय शहात्तर. खुब्याच्या सांध्यातला मांडीच्या हाडाचा गोळा मानेपाशी मोडून बाजूला सरकला. मी डॉक्टरांना म्हणालो, स्क्रू घालून तिचा स्वतःचा गोळा ठेवता येईल का? आता कोणता प्रश्न विचारायचा ते मला ठाऊक होते. त्यांनी समजावले, की त्या गोळ्याला रक्त मुख्यतः मानेच्या कडेने चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून मिळते. स्पेनमधून परागंदा होऊन ऑक्सफर्डला आलेल्या जोसेप ट्रुएटा यांनी १९५३ मध्ये ही वाट नीट दाखवून दिली होती. मान मोडून सरकली की त्या वाहिन्या तुटतात. तरुण माणूस असता तर घाईने जागेवर बसवून, स्क्रू घालून, दोन वर्षे वाट पाहिली असती. शहात्तरीच्या बाईला तेवढा काळ अंथरुणात ठेवणे म्हणजे तिला गमावणे. आईने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, 'म्हंजे याचीबी मुळं गेली म्हणा की.' मग धातूचा गोळा बसवला, ऑस्टिन मूर यांच्या नावाने ओळखला जातो तो. त्याच्या दांड्याला दोन खिडक्या असतात. आत हाडाचा चुरा भरतात, म्हणजे त्यातून हाड वाढून दांडा धरून ठेवील. तिसऱ्या दिवशी ती काठीच्या आधाराने उभी राहिली आणि नंतर नऊ वर्षे अंगणातल्या तुळशीपर्यंत रोज चालत गेली.

ती २०१३ मध्ये गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ अस्थी सावडायला गेलो. राखेत तो गोळा होता, काळवंडलेला, पण घाट तसाच. धाकट्याने वाकून उचलला. दांड्याच्या खिडक्यांत पांढरे हाड घट्ट बसलेले होते. बोटाने निघेना. बाकीच्या अस्थी हात लावताच भुगा होत होत्या. ते हाड तिने वयाच्या शहात्तरीनंतर नव्याने तयार केले होते. आम्ही तो गोळा तसाच, खिडक्यांतल्या हाडासकट, कलशात ठेवला.

म्हणून माझे सांगणे इतकेच. घरात कोणाचे हाड मोडले तर कंपनीचे नाव अवश्य विचारा, पण डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: या हाडाला रक्त कसे आहे? उघडी जखम असेल, साखरेचा आजार असेल, नडगीचा खालचा भाग असेल, तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. आणि विडी, सिगारेट, जर्दा त्या दिवशी घराबाहेर काढा. परदेशी प्लेटेसाठी कर्ज काढणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि त्याच रुग्णाला व्हरांड्यात चोरून विडी पेटवून देणारेही तेच असतात. धातू चांगला असावा, कारागीर चांगला असावा. पण त्यांच्या हातात आहे ते धरून ठेवणे. सांधण्याचे काम आतल्या झऱ्याचे आहे, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ त्याला द्यावा.